तहकूब सभा

हेळशेत खुर्द विविध कार्यकारी सेवा सोसायटी, मर्यादित.
सभासद एकतीस.
त्यातले अजून चालू-फिरू शकतात ते बारा.
शेवटचं भातबियाणाचं कर्ज वाटलं
आणि गाव धरणात गेलं.
वसुली येणे बाकी दिसते.

मी तिचा सेक्रेटरी.
दप्तर पाटणला, खताच्या दुकानामागे पत्र्याच्या पेटीत:
शिक्का, इतिवृत्ताची वही,
आणि आता मासे चरतात त्या शिवाराचे सातबारे.

गाव नाही, पीक नाही, कर्ज मागायला कोणी येत नाही.
मत आहे.
जिल्हा बँकेला दर पाच वर्षांनी ठराव लागतो,
कराडकडच्या हजार सभासदांच्या सोसायटीचा एक
आणि आमचाही एक.
तागडीत दोन्ही सारखे.
हे सगळ्यांत आधी कळलं हैबतराव सरनोबतांना.

विट्याच्या माळावर फेकलेल्या आमच्या माणसांना
त्यांनी विसरू दिलं नाही कधी.
कुणाचा पोरगा शिपाई, कुणाच्या लेकीला लग्नात भांडी,
कुणी गेलं तर खांद्याला माणूस, तिरडीला बांबू.
फक्त नाव कमी करायचं नाही.
"राहू दे रे," म्हणायचे, "गाव भरलेलं दिसतं."
त्यांच्यामागं त्याच रकान्यात गुणवंतराव.
चाळीस वर्षं, बिनविरोध.
मेलेल्यांचे अंगठे मी घरी, रात्री, दार लावून घेत आलो.
कुणाचे, ते विचारू नका.

यंदा चुलत्या-पुतण्याचं फाटलं.
काकांनी गणपतीपुळ्याला मिनीबस ठरवली, दोन मुक्काम.
अद्वैतबाबांनी पाकिटं.
बारा म्हातारी एकदम महाग झाली,
भिवा सपकाळाला तर कानाचं यंत्र आलं दोन्हीकडून,
दोन कानांना दोन.

सगुणा झोरे तेवढी म्हणाली,
"पाकीट नगं. सभा कुठं असती कागदावर?"
मी पोटनियम काढले. नोंदणीकृत पत्ता:
मुक्काम हेळशेत खुर्द.
"मग तितंच घ्या की."

मे महिना. पाणी उतरलेलं.
लाँचच्या एका टोकाला काका, दुसऱ्या टोकाला पुतण्या,
मध्ये मतदार, डबे मांडीवर घेऊन.
गाळाला भेगा. मारुतीच्या चौथऱ्याचे तीन दगड वर.
मी तरट अंथरलं, पेटी उघडली, हजेरी पुकारली.

कोण ऐकतंय.
जो तो आपापल्या दिशेनं निघून गेलेला.
भिवानं जात्याची तळी पायानं उकरली.
सगुणा पावलं मोजत गेली,
गोठ्याची बारा, ओटीची नऊ,
थांबली, पदरानं जागा पुसली
आणि आमच्याकडे पाठ करून बसली.

"सेक्रेटरी, कोरम?"
नाही.
नियमाप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब.
तहकूब सभेला कोरम लागत नाही,
दोघा सरनोबतांना हे तोंडपाठ.
ऊन मरणाचं, छत्री एकच,
म्हणून दोघं एकाच दगडावर बसले.
आधी पाण्याकडे बघत. मग हळू आवाजात.
बँक काकांना, दूध संघ पुतण्याला.
अर्धा तास पुरून उरला.

माणसं परत आली तोवर नाव लिहून झालं होतं.
निळ्या शाईत, ठळक.
अंगठ्याचा पॅड लाँचवर राहिलेला.
"कशाला हवाय?" म्हणत सगुणानं अंगठा
ओल्या गाळात दाबला, मग कागदावर.
तिच्यामागं बाकीच्यांनी.
मग तिनं विचारलं,
"सासऱ्याचा बी घिऊ का? यादीत हायत न्हवं?"
मी नको म्हणालो.
नोकरीत पहिल्यांदा.

साताऱ्याला पोचेस्तोवर चिखल वाळला होता.
साहेबांनी घडी उलगडली, टेबलावर माती सांडली,
बारा अंगठ्यांची, चिमूटभर.
त्यांनी फुंकर मारली
आणि नाव वाचलं.
सरनोबत.
"नेहमीचंच की," म्हणाले, आणि शिक्का मारला.

माझ्या बाहीवर थोडी राहिली होती.
एसटीत बसेपर्यंत मी हात झटकला नाही.